प्रेसनोट खरी, पण नमुना कधीचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत)

वय ३१. पुण्यातल्या एका पीआर (जनसंपर्क) एजन्सीत अकाउंट मॅनेजर, म्हणजे क्लायंटचं काम सांभाळणारे. मूळ गाव कोकणात, खाडीकाठी. घराचे हप्ते चालू आहेत, पत्नी बाळंतपणाच्या रजेवर आहे. एजन्सीचा एक मोठा क्लायंट म्हणजे गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीतला रसायनांचा कारखाना. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर खाडीत मासे मरून वर आले, मच्छीमारांनी मोर्चा काढला. कारखान्याकडून आलेल्या मुद्द्यांवरून यांनी प्रेसनोट लिहिली: 'कारखान्याच्या सांडपाण्याचे सर्व निकष (प्रदूषण नियंत्रण) मंडळाने ठरवून दिलेल्या मर्यादेत आहेत.' ती जशीच्या तशी छापून आली. नंतर कारखान्यातल्याच एकाने बोलता बोलता सांगितलं, की ज्या अहवालावरून हे लिहिलं तो एप्रिलमधल्या नमुन्याचा होता. आता बॉसने आणखी दोन कामं सांगितली आहेत. तालुक्याच्या वार्ताहरांना 'सांभाळून घ्या'. आणि मच्छीमार संघटनेच्या अध्यक्षाबद्दल 'काही मिळतंय का बघा', मिळालं तर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सोडता येईल.

ते विचारतात: "मी एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही. वकीलही अशिलाची बाजू मांडतोच, मग मी का अपराधी वाटून घेऊ? पण गावाकडून मामाचा फोन आला की उचलवत नाही. नोकरी सोडू, की तोंड मिटून काम करू?"

---

सप्रेम नमस्कार.

नोकरीचं नंतर बघू. तुमचा सगळा भरवसा एका गोष्टीवर आहे, की तुम्ही खोटं लिहिलेलं नाही. त्यापासून सुरुवात करते.

वाक्य खोटं नव्हतं, मान्य. पण ज्याने ती बातमी वाचली त्याला काय कळलं? मासे मेले तेव्हा कारखान्याचं पाणी ठीक होतं, असं. हे तुम्ही कुठेच लिहिलं नाहीत, वाचणाऱ्याने स्वतः जुळवून घेतलं. आणि तो तसं जुळवून घेईल या खात्रीनेच कुणीतरी नमुन्याची तारीख गाळली. ती तुम्ही गाळली नसेल, तुमच्याकडे आलेल्या मुद्द्यांतच नसेल. पण तुम्ही ती विचारलीही नाहीत.

वर्तमानपत्राने विचारायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. मी बरीच वर्षं जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काढली आहेत, तिथलं सांगते. रात्री उशिरा प्रेसनोट येते, पान सोडायची वेळ झालेली असते. मथळा बदलायचा, 'विकासाभिमुख' वगैरे विशेषणं छाटायची आणि मजकूर पानात बसवायचा. नमुना कधी घेतला हे विचारायला तालुक्याला फोन लावायची सवड नसते, आणि लावला तरी उचलणाऱ्याकडे उत्तर नसतं. तुमच्या धंद्याला हे पक्कं ठाऊक आहे. नोट रात्रीच येते ती उगाच नाही. म्हणजे कारखाना आणि वाचक यांच्यामध्ये 'हे कधीचं?' असं विचारू शकणारा शेवटचा माणूस तुम्हीच होतात.

जनसंपर्काच्या क्षेत्रात आद्य पुरुष म्हणून ज्यांची नावं घेतात त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेचा आयव्ही ली. १९०६ मध्ये त्याने वर्तमानपत्रांना एक जाहीरनामा पाठवला. त्याचा आशय असा, की आमचं काम उघड चालतं, आम्ही अचूक माहिती देतो आणि ती कुणाला पडताळायची असेल तर मदतही करतो. आठ वर्षांनी, १९१४ मध्ये, कोलोराडोतल्या लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूवस्तीवर गोळीबार झाला, तंबू पेटले, बायकामुलं मेली. खाण कंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातली होती, आणि त्यानंतर तिची बाजू मांडणारी पत्रकं ली काढू लागला. एका पत्रकात संपाच्या पुढाऱ्यांची वर्षभराची कमाई नऊ आठवड्यांची म्हणून छापली गेली. पुढच्या वर्षी सरकारी आयोगासमोर त्याला विचारलं गेलं, की कंपनीने दिलेली माहिती खरी आहे का हे पाहायला तुम्ही स्वतः काय केलंत? काहीच नाही, असं तो म्हणाला. अप्टन सिंक्लेअर या लेखकाने त्याला 'पॉयझन आयव्ही' म्हटलं, म्हणजे अंगाला लागली की फोड आणणारी वेल. ते नाव त्याला कायमचं चिकटलं. 'कंपनीने दिलं ते मी लिहिलं' हा बचाव इतका जुना आहे, आणि ज्याने आधी केला त्याच्याही तो उपयोगी पडला नाही.

आता वकिलाचं. ही तुलना पीआरमधली माणसं फार आवडीने करतात, आणि ती मला कधीच पटलेली नाही. कोर्टात समोर दुसरा वकील असतो. तो उलटतपासणी घेतो, वर न्यायाधीश बसलेला असतो, आणि वकिलाने कोर्टाची दिशाभूल केली तर बार कौन्सिल आहे. तुमच्या प्रकरणात समोर कोण होतं? मच्छीमारांची एजन्सी कुठली? त्यांचा अध्यक्ष ओल्या लुंगीत कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोलला असेल, तेवढीच त्यांची पत्रकार परिषद. तुमच्या व्यवसायाला आचारसंहिता नाही असं नाही. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे, आणि अथेन्स संहिता, म्हणजे जनसंपर्काची आंतरराष्ट्रीय नीतिसंहिता, तिने १९६८ मध्येच स्वीकारली. पण पीआरचं काम करायला परवाना लागत नाही, आणि संहिता मोडली म्हणून कुणाची सनद जात नाही. त्यामुळे बाहेरून कुणी अडवेल याची वाट पाहू नका.

एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही सांगते, कारण तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत आहे. कारखाना दोषी आहे असं तुम्ही मनोमन धरून चालला आहात. कदाचित असेलही. पण पहिल्या पावसात नाले, गटारं, कुजलेला पालापाचोळा असं सगळं एकदम खाडीत येतं, पाण्यातला प्राणवायू झपाट्याने उतरतो आणि कारखान्याचा काही संबंध नसतानाही मासे गुदमरून मरू शकतात. उलट, पहिल्या पावसाच्या आडोशाने टाकी रिकामी करणारेही असतात, हे कोकणात कुणाला सांगायला नको. यातलं काय घडलं ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. म्हणून आज तुमच्या हातात जे आहे ते एवढंच: माहिती मागणं.

कारखान्याला लेखी विचारा. नमुना कोणत्या तारखेचा, कुणी घेतला, कुठे तपासला? कारखान्याच्या स्वतःच्या प्रयोगशाळेचा अहवाल आणि मंडळाच्या माणसांनी येऊन घेतलेला नमुना, यांत फार अंतर आहे. तुमचं पाणी थेट बाहेर जातं, की वसाहतीच्या सामायिक प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीईटीपीत? तिथे जात असेल, तर 'आमचं पाणी मर्यादेत' हे खरं असूनही सीईटीपीच्या तोंडाशी चित्र वेगळं असू शकतं. औषधं, कीटकनाशकं, रंग यांसारख्या १७ प्रदूषणकारी प्रकारांतल्या उद्योगांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये सांडपाण्यावर चोवीस तास लक्ष ठेवणारे मीटर बसवायला सांगितलं. तुमचा क्लायंट त्यांत मोडत असेल, तर जूनचे आकडे असायलाच हवेत. मग एप्रिलचा अहवाल का काढावा लागला? आणि सर्वांत महत्त्वाचं: त्या दिवसांत आत काही सांडलं, फुटलं, ओसंडलं का, आणि तसं झालं असेल तर मंडळाला कळवलं का? १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम ३१ नुसार अशा घटनेची खबर ताबडतोब देणं हे कारखान्याचं कर्तव्य आहे. कळवलं नसेल, तर तुमच्या प्रेसनोटच्या भानगडीपेक्षा मोठी भानगड तिथे आहे, आणि ती तुमच्या एजन्सीच्या वकिलांना कळायला हवी.

हे प्रश्न विचारण्यात बंडखोरी काही नाही. कुठल्याही बऱ्या एजन्सीत नोट लिहायच्या आधी हेच विचारतात.

मग येते दुरुस्ती. छापून गेलेल्या नोटेचा खुलासा द्यायला हवा, आणि तो कारखान्याच्याच नावाने जायला हवा. मजकूर साधा ठेवा: 'यापूर्वीच्या प्रसिद्धिपत्रकात उल्लेख केलेला अहवाल एप्रिल महिन्यातील नमुन्याचा आहे. जूनमधील नमुन्यांचे निष्कर्ष हाती आल्यावर ते जाहीर करण्यात येतील. मासे मृत होण्याच्या कारणांच्या तपासणीसाठी मंडळाला आवश्यक ती सर्व माहिती पुरवली जाईल.' यात कबुली नाही, माफी नाही, दोष कुणाचा हेही नाही. फक्त तारीख आहे. तारीख द्यायलाही कारखाना तयार नसेल, तर जूनच्या आकड्यांबद्दलचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.

बॉस म्हणेल, असला खुलासा देऊन आपणच आग लावायची का? इथे नीतीचं भाषण देऊ नका, त्याच्याच भाषेत बोला. मंडळाकडचे अहवाल माहिती अधिकारात कुणालाही मागता येतात. अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत तीस दिवसांची. मच्छीमार संघटनेला हे आज माहीत नसेल तर उद्या कुणीतरी सांगेल. त्या दिवशी 'एप्रिलचा अहवाल दाखवून दिशाभूल' असा मथळा होईल, आणि नोटेच्या खाली संपर्कासाठी एजन्सीचं नाव छापलेलं असेल. तारीख स्वतःहून सांगितली तर आतल्या पानावर चार ओळी येतील.

पीआरच्या वर्गात अशा वेळी टायलेनॉल या अमेरिकी वेदनाशामक औषधाचं उदाहरण देतात. १९८२ मध्ये शिकागोच्या परिसरात त्याच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं गेलं, सात जण मेले, आणि कंपनीने तीन कोटींहून जास्त बाटल्या बाजारातून परत घेतल्या. उदाहरण मोठं आहे, पण तुमच्या फारसं कामाचं नाही. तिथे विष बाहेरच्या कुणीतरी घातलं होतं, त्यामुळे कंपनीला खरं बोलणं त्या मानाने सोपं होतं. मला जवळचं वाटतं ते २००३ चं कॅडबरी प्रकरण. मुंबईत चॉकलेटात अळ्या सापडल्या, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनापर्यंत गोष्ट गेली. कंपनीचा सुरुवातीचा रोख दुकानदारांच्या साठवणुकीकडे होता, आणि साठवणुकीत खोट असेलही. पण मग वेष्टन हवाबंद का नाही, हा प्रशासनाचा प्रश्न होता. पुढे वेष्टन बदललं, अमिताभ बच्चन जाहिरातीत आले, विक्री सावरली. लोकांना बच्चन आठवतात. माझ्या मते काम केलं ते वेष्टनाने.

आता बॉसच्या दोन नव्या कामांकडे येते. ती एकाच दमात सांगितली गेली असली तरी एका तोलाची नाहीत.

'वार्ताहरांना सांभाळून घ्या' याचा अर्थ दरवेळी पाकीटच असतो असं नाही, आणि म्हणूनच ते जास्त निसरडं आहे. तालुक्याचा वार्ताहर बहुतेक ठिकाणी पगारी नसतो. बातमीमागे किरकोळ मानधन मिळतं, आणि काही थोडं सुटतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, दिवाळी, २६ जानेवारी, वर्धापनदिनाची पुरवणी, दरवेळी त्याला जाहिरातीसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागतं? तालुक्यातल्या सर्वांत मोठ्या कारखान्याच्या. त्याला लाच द्यावी लागत नाही. 'यंदा पुरवणीचं बघू हं' एवढं म्हटलं तरी पुरतं. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्याचा गाजावाजा झाला, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने नावानिशी अहवाल लिहिला, आणि तो अख्खा बाहेर यायला २०११ साल आणि केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. पण त्या गदारोळात तालुक्याच्या पुरवणीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तिथे पैसे राजरोस पावतीवर जातात.

तुम्ही एक गोष्ट करू शकता. मोर्चाची बातमी आणि जाहिरातीची ऑर्डर एका फोनवर, एका आठवड्यात, एका माणसाने हाताळायची नाही, असा नियम तुमच्या अकाउंटपुरता लावा. जाहिरात द्यायचीच असेल तर विरोधात छापणाऱ्यालाही मिळाली पाहिजे, आणि ती जाहिरात म्हणूनच दिसली पाहिजे, बातमीच्या वेषात नको. वार्ताहरांना खरंच सांभाळायचं असेल तर सगळ्यांना एकदम कारखान्यात न्या, प्रक्रिया केंद्र दाखवा, इंजिनिअरला त्यांच्या प्रश्नांसमोर उभं करा. पाकीट नाही, गिफ्ट नाही. चहा-वडापाव चालेल, त्याने कुणाची लेखणी वाकत नाही.

दुसऱ्या कामाबद्दल मात्र तोलमोल करायला काही नाही. त्या अध्यक्षाचा भूतकाळ उकरण्याचं काम करू नका. तुम्ही नाही केलं तरी कुणीतरी करेलच, हा हिशेब इथे घालू नका. समजा, काही मिळालंच. समजा, त्याने पूर्वी याच कारखान्याकडून देणगी घेतली होती. तरी खाडीतले मासे मेलेलेच आहेत, आणि त्याची देणगी पाण्याच्या अहवालात कुठेही बसत नाही. नातलग आजारी आहेत, नेटवर्क नाही, असल्या सबबींनी हे टाळत बसू नका. 'हे काम मी करणार नाही' असं एका ओळीत लिहून पाठवा. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, आणि व्हॉट्सॲपवर मजकूर जाईल तो बॉसच्या नव्हे, तुमच्या नंबरवरून. धंद्याच्या हिशेबानेही हे परवडत नाही. लंडनच्या बेल पॉटिंजर या बड्या एजन्सीने दक्षिण आफ्रिकेत गुप्ता बंधू या उद्योजकांच्या कंपनीसाठी वांशिक द्वेष चेतवणारी मोहीम चालवली. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तिच्या व्यावसायिक संघटनेने तिला काढून टाकलं आणि काही दिवसांतच ती एजन्सी बुडाली. तिथल्या पोरांनीही बॉसने सांगितलं तेच केलं असणार.

एक गोष्ट मला पत्र वाचताना खटकली, तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. तुम्ही त्याच खाडीकाठचे आहात. बॉसला हे ठाऊक आहे का? नसेल तर आजच सांगा. ठाऊक असेल, तर हे अकाउंट तुमच्याकडे कशामुळे आलं याचा विचार करा: गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तुम्ही आधीपासून आहातच. 'माझे नातलग या प्रकरणात एका बाजूला आहेत, मला या क्लायंटवरून काढून दुसरं काम द्या' अशी मागणी रास्त आहे. पत्नी रजेवर असताना राजीनामा फेकण्यापेक्षा ही वाट शहाणपणाची. मात्र खुलाशाचं पत्र आधी पाठवा, बदली मग मागा. नाहीतर एप्रिलची तारीख तुमच्याबरोबर दुसऱ्या टेबलावर निघून जाईल.

कागदपत्रं फोनमध्ये घेऊन एखाद्या वार्ताहराला पाठवून द्यावीत, असं रात्री दोनला वाटलं तर सकाळपर्यंत थांबा. जागल्यांना (आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांना) संरक्षण देण्यासाठी २०१४ मध्ये कायदा झाला, पण तो सरकारी कारभारातल्या गैरप्रकारांसाठी आहे, खासगी एजन्सीतल्या माणसाला त्याचं छत्र नाही. तुमच्या नेमणूकपत्रात गोपनीयतेचं कलम असणार. तुम्ही स्वतः पाठवलेल्या ईमेल, विचारलेले प्रश्न, मिळालेली किंवा न मिळालेली उत्तरं यांची तारखेनिशी नोंद ठेवा. कारखान्याने खुलासा देणार नाही असं स्पष्ट कळवलं, आणि आत खरोखर काही सांडलं होतं असं दिसलं, तर पुढे काय करायचं ते वकिलाला भेटून ठरवा. गप्प बसा असं मी म्हणत नाही. एकट्याने, बेसावध उडी मारू नका, इतकंच.

मामाचा फोन उचला. त्यांना सांगा, 'मामा, मी त्या कारखान्याचं काम करतो, आतलं तुम्हाला सांगू शकत नाही. पण मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो आणि जूनचे अहवाल मागता येतात.' यात क्लायंटचा विश्वासघात नाही, हा सगळ्या देशाला उघड असलेला रस्ता आहे. ते चिडतील. चिडू द्या.

आणि नोकरी. बदली नाकारली, खुलासा दाबला आणि ती व्हॉट्सॲपची कामगिरी पुन्हा पुढे आली, तर दुसरीकडे अर्ज सुरू करा. हप्ते आहेत, तेव्हा हाती नवं पत्र आल्यावरच हे सोडा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आज कारखाने, रुग्णालयं, बिल्डर, क्लासेस अशा प्रत्येक क्लायंटवर तुमच्यासारखी कुणीतरी मुलंमुली बसलेली आहेत, त्यांनाही हे सांगून ठेवते: मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणतात, तेव्हा पगाराबरोबर एवढंही विचारा, की गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही कुठला क्लायंट स्वतःहून सोडलात, आणि का? नाव सांगणार नाहीत, सांगूही नये. पण ज्यांनी सोडला असेल त्यांना कारण सांगायला फार वेळ लागत नाही.